पाठीमागून काढलेला एक्स-रे

सावनेर,
२ ऑगस्ट १९७८

अरुताई,
जय भीम.

नर्सिंगच्या यादीत माह्यं नाव लागलं. आई सकाळपासून साखर वाटून राहिली, अन् बाबांची पाळी सुटायच्या आत अख्ख्या खाणीले माहीत झालं की रुपरावची पोट्टी नागपूरले नर्स होणार. आता फक्त मेडिकल बोर्ड राहिलं, १८ सप्टेंबरले, तुह्या नागपूरलेच. तिथं पास झाली तं सुटली. नाही झाली तं मौद्याच्या स्थळाले होकार द्यायचा, असं बाबांनी सांगून ठेवलं आहे. माणूस वाईट नसन, पण मले नर्सच व्हायचं आहे. तुले माहीत आहे, आजीच्या दुखण्यात मी दवाखान्यात राहिली तेव्हापासून डोक्यात हेच आहे.

बोर्डाले छातीचा एक्स-रे लागते. तो इथं खाणीच्या दवाखान्यात काढला. छाती एका थंडगार पाटीले टेकवून उभं केलं, हात कमरेवर, श्वास रोखून धर म्हणलं, अन् मशीन माह्या पाठीमागं. म्हणजे फोटो पाठीमागून काढला. आजी म्हणते, ज्यात तोंड दिसत नाही त्या फोटोचा काय उपयोग. डॉक्टर सुट्टीवर गेले, म्हणून फिल्म नुसतीच हातात दिली, रिपोर्ट नागपुरातून घ्या म्हणाले.

फिल्म धोंडबामामासोबत पाठवून राहिली. ते लाकडाच्या ट्रकसोबत लकडगंजले येतात, तिथून तुह्याकडे येतील. कोण्या चांगल्या डॉक्टरले दाखव अन् कागद लिहून घे. लहानपणी मले खोकला होता, म्हणून जीव धाकधूक करते. आपल्या घराण्यात डॉक्टर व्हायच्या वाटेवर तूच एक आहे. बेडकांची का होईना.

तुह्यी,
जया


नागपूर,
९ ऑगस्ट १९७८

प्रिय जया,
जय भीम.

तुझं नाव लागल्याचं वाचून मी प्रयोगशाळेत एकटीच हसत बसले. बेडकांना पेढे चालत नाहीत, नाहीतर वाटले असते.

धोंडबामामा फिल्म घेऊन थेट प्रयोगशाळेच्या दारात आले. आतला वास आला तसे नाक धरून म्हणाले, "अरू, याच्यासाठी तुले एवढं शिकवलं का वं?" मी हो म्हटलं. एम.एस्सी. फर्स्ट क्लास मिळवून मी सकाळी बरण्या धुते, दुपारी पालक उकडून पिल्लांना भरवते आणि संध्याकाळी त्यांची घाण काढते. लग्न करून हेच केलं असतं तर लोकांनी निदान आहेर तरी दिला असता.

पण आता नीट ऐक. बेडकाच्या अंड्यातून जो शेपटीवाला बेडूकमासा निघतो, तो बाहेरून दोन्ही अंगांनी सारखाच दिसतो. फक्त श्वासाचं पाणी बाहेर टाकायला त्याला एक बारीक भोक असतं, आणि ते डाव्या अंगालाच असतं. आतही तसंच. हृदयाची नळी ठरलेल्या बाजूलाच वळते, आतड्याची गुंडाळी ठरलेल्या दिशेनेच पडते. गोळ्यासारखं तर अंडं असतं, त्याला डावं कुठलं आणि उजवं कुठलं हे सांगतं कोण? माझं सगळं संशोधन एवढ्यावरच आहे. आणि हे कोणी करावं, तर मी. रिक्षावाल्याला डावीकडे म्हणते आणि उजवीकडे हात दाखवते. उजवा हात कुठला हे ठरवायला मला अजून मनातल्या मनात घास उचलावा लागतो.

तर यंदा माझ्या एका मादीच्या पिल्लांत भोक उजव्या अंगाला असलेली पिल्लं निघाली. कापून बघितलं तर हृदयही उलटं, आतडंही उलटं. या मादीचं नाव मी तुळसाबाई ठेवलं आहे, आमच्या घरमालकिणीच्या नावावरून. घरमालकिणीला कळू देऊ नको, भाडं वाढवेल.

आता तुझी फिल्म. मी ती, कोपऱ्यातली अक्षरं सुलटी येतील अशी, खिडकीला लावली आणि बघतच राहिले. तूच लिहिलंस की फोटो पाठीमागून काढला. मीही दिवसभर बेडूकमासे पाठीवरूनच बघते, माझी नजर त्यात तयार झाली आहे. पाठीवरून बघताना उजवीकडे दिसतं ते उजवं. जया, तुझ्या हृदयाची सावली उजवीकडे आहे. तुझं हृदय उजव्या बाजूला आहे, बाई. तुळसाबाईच्या पिल्लांसारखं.

घाबरू नको. अशी माणसं असतात, चांगली ऐंशी वर्षं जगतात, पुष्कळांना तर मरेपर्यंत कळतही नाही. डॉक्टरकडे अजून गेले नाही. डाव्या-उजव्याचा अभ्यास करणारी मी घरात बसलेली असताना कुठे दुसऱ्याला विचारत फिरू? फिल्म माझ्याकडेच ठेवते. सरांना दाखवायची आहे.

तुझी,
अरुताई


सावनेर,
१६ ऑगस्ट १९७८

अरुताई,
जय भीम.

तुह्यं पत्र आलं. मी चुलीपाशी उभ्या उभ्या वाचलं. आजीनं विचारलं काय लिहिलं वं, अन् मी येड्यासारखी सांगून बसली. तेव्हापासून घरात कोणी मोठ्यानं बोलत नाही. आजीनं पाण्याची गुंडी माह्या हातातून काढून घेतली. बाबा मले पाहतात अन् मान खाली घालतात.

बेडकाचं सगळं वाचलं. अर्धं समजलं. मले एकच विचारायचं आहे. असं असलं तं बोर्डवाले घेतील का? एवढंच सांग.

जया


नागपूर,
२२ ऑगस्ट १९७८

प्रिय जया,
जय भीम.

सरांना सांगितलं. सर खुर्चीतून उठले. दोन वर्षांत मी सरांना खुर्चीतून उठलेलं पहिल्यांदा बघितलं, एरवी ते घंटा झाल्यावरच उठतात. १४ सप्टेंबरला आमच्या विभागात सेमिनार आहे, तिथे मी तुळसाबाईची पिल्लं आणि तुझी फिल्म शेजारी शेजारी ठेवून बोलणार. तुझं नाव घेणार नाही, "एक तरुण नातेवाईक" म्हणेन. साडी कोणती नेसू ते कळव. माझ्या सगळ्या साड्यांना फॉर्मॅलिनचा वास येतो.

तुला गंमत सांगते. परदेशात उंदरांचा एक वंश सापडला आहे. त्यात एक जनुक बिघडलेलं असतं. तुला वाटेल, मग सगळेच उंदीर उलटे निघत असतील. नाही. अर्धे सुलटे, अर्धे उलटे. म्हणजे ते जनुक "हृदय डावीकडे ने" एवढं साधं सांगत नसावं. छापा-काटा करू नको, असं ते सांगत असावं. ते बिघडलं की शरीर नाणं उडवतं. मी हे वाचलं तेव्हा त्या दिवशी जेवले नाही, इतकं आवडलं. मेसवाल्या कांताबाईंना वाटलं भाजी बिघडली.

आता हे माणसात कसं येतं ते बघायला घराणं तपासावं लागेल. असं बिघडलेलं जनुक बहुतेक आईकडून एक आणि वडिलांकडून एक, असं दोन्हीकडून यावं लागतं. तेव्हा तुझ्या घरच्या सगळ्यांचा, म्हणजे मावशीचा, मावसाजींचा, रुखमाबाई आजीचा, जमलं तर धोंडबामामांचाही एक्स-रे काढून घे. आजोळी कोणाची नात्यात लग्नं झाली होती का, तेही विचार. आजी आधी चिडेल, पण विज्ञानासाठी म्हणून सांग.

बोर्डाचं म्हणशील, तर घाई करू नको. उगाच तिथे कोणी हुशार माणूस नापास करून टाकायचा. यंदा राहू दे. आधी माझा पेपर छापून येऊ दे, मग छापील पुरावा घेऊन पुढच्या वर्षी ऐटीत जा.

तुझी,
अरुताई


सावनेर,
४ सप्टेंबर १९७८

चि. अरू बाईस,
सत्यवती मावशीचा आशीर्वाद. जय भीम.

जया पत्र लिहीत नाही म्हून मी लिहून राहिली. अक्षर सांभाळून घेजो.

बाई, तुनं काय लिहिलं ते तुह्यं तुले ठाऊक. इथं घराचे दोन भाग झाले. तुनं लिहिलं की खोट दोन्हीकडून येते. सासूबाई म्हन्ते, आमच्याकडं असं कोनाले नव्हतं, थे तुह्या माहेरचं. मी म्हनलं, माह्या माहेरी सगळ्यायचं दिल जागच्या जागी हाय. तवापासून त्या माह्या हातचं जेवत नाही, सोताची भाकर सोता थापते. अन् तुह्ये मावसाजी खानीतून आले का भितीकडं तोंड करून झोपते. एक्स-रेचं नाव काढलं तं सासूबाईनं हातात लाटनं घेतलं.

हे सारं मी सोसून घेतो. पन पोट्टी. थे उजव्या कुशीवर झोपत नाही, म्हन्ते दबून जाईन. पायरी चढली का मधातच उभी राह्यते. नर्सिंगचं पुस्तक गुंडाळून पेटीत ठेवलं. काल यायनं मौद्याले निरोप पाठवतो म्हनलं, अन् जया काही बोललीच नाही. आधी बोलत होती, भांडत होती. आता म्हन्ते, तुमी म्हनाल तसं, मी तं अशी हाव, मले कोन घेनार.

काहून असं झालं वं बाई? तू शिकलेली हायेस. तुले इचारतो, माह्या पोटात होती तवा माह्याकडून काही चुकलं का? डाव्या हातानं काही उचललं, का उपाशी राह्यली? खरं सांगजो, मी रागावनार नाही.

तुह्यी मावशी


नागपूर,
८ सप्टेंबर १९७८

ती. मावशीस,
सा. न. वि. वि. जय भीम.

तुझं काही चुकलं नाही. डाव्या हाताचा, उपाशी राहण्याचा याच्याशी काही संबंध नाही, हे मी तुला लिहून देते. आजीलाही वाचून दाखव.

जयाला म्हणावं, उजव्या कुशीवर खुशाल झोप. मौद्याचा निरोप एवढ्यात धाडू नका. १४ तारखेला माझा सेमिनार झाला की मी स्वतः सरांना घेऊन सावनेरला येते आणि मावसाजींना समजावते. सध्या तयारीत श्वास घ्यायला फुरसत नाही. तुझं पत्र तीनदा वाचलं. नंतर तक्ते काढायला बसले आणि बेडकाला पाच पाय काढले.

तुझी,
अरू


तार
नागपूर, १४ सप्टेंबर १९७८

जयवंता रुपराव, सावनेर
हृदय डावीकडे. बोर्डाला ये. अरुंधती


नागपूर,
१४ सप्टेंबर १९७८

जया,

तार मिळाली असेल. आता बस आणि वाच, आणि वाचून झाल्यावर मला शिव्या दे. तुला येत नसतील तर आजीला द्यायला सांग.

सेमिनारला सरांनी आपल्या ओळखीच्या एका छातीच्या डॉक्टरांना बोलावलं होतं. मी तुळसाबाईची पिल्लं दाखवली. लोक पुढे सरसावून बघू लागले. मी फुगले. मग तुझी फिल्म खिडकीच्या काचेला लावली आणि जाहीर केलं की आता आपण हेच एका मनुष्यात बघू. डॉक्टर उठून आले, बघितलं, चष्मा पुसून पुन्हा बघितलं आणि हळूच म्हणाले, "बाई, ही तर नॉर्मल आहे."

इथे मी गप्प बसले असते तर अर्धी इज्जत वाचली असती. मी गप्प बसले नाही. हा फोटो पाठीमागून काढलेला आहे, हे मी त्या माणसाला समजावून सांगितलं. फळ्यावर आकृती काढून. ज्याने आयुष्यभर दुसरं काही बघितलेलं नाही, त्याला. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, छातीचा फोटो बहुधा पाठीमागूनच काढतात, फिल्म छातीशी असते म्हणून. पण बघताना ती अशी धरतात की माणूस आपल्यासमोर तोंड करून उभा आहे. त्याचं डावं आपल्या उजव्या हाताला येतं. सगळ्यांचं येतं. त्यांच्या बॅगेत दुसऱ्या पेशंटांच्या फिल्म होत्या, त्या त्यांनी तुझ्या शेजारी लावल्या. सगळ्या तुझ्यासारख्याच. म्हणजे एक तर नागपुरातल्या यच्चयावत माणसांची हृदयं उजवीकडे होती, नाहीतर अरुंधती रामटेके गाढव होती. सभेने दुसरं मत एकमताने मान्य केलं.

लोक हसले. सर हसले नाहीत, ते जास्त वाईट होतं. पिल्लं मात्र खरोखर उलटी आहेत गं. त्यांना पाठीवरूनच बघायचं असतं, तिथे माझी चूक नाही. पण जिला माणसाचं डावं-उजवं कळत नाही तिच्या बेडकावर कोण विश्वास ठेवणार? सर म्हणाले, पुढच्या वर्षी नवीन माद्या आणा, पहिल्यापासून सुरू करा, आणि या वेळी मोजायला शेजारी दुसरं कोणीतरी बसवा. ठीकच आहे. बरण्या धुवायची मला सवय आहे.

माझं जाऊ दे. मी तुला बोर्डाला जाऊ नको म्हटलं होतं. माझ्या पेपरसाठी म्हटलं होतं, तुझ्यासाठी नाही. तू एकच प्रश्न विचारला होतास आणि मी तुला उंदीर सांगत बसले. याची मला इतकी लाज वाटते की थट्टाही करता येत नाही.

सोबत डॉक्टरांनी सही केलेला रिपोर्ट आहे. फुप्फुसं स्वच्छ, हृदय डाव्या बाजूला, जागच्या जागी. फिल्मही परत पाठवते. धोंडबामामा आज लकडगंजला आले आहेत, त्यांच्याच हाती देते. अठरा तारखेला ये. मावशीला म्हणावं, माहेर निर्दोष सुटलं.

तुझी,
अरुंधती


सावनेर,
२० सप्टेंबर १९७८

अरुताई,
जय भीम.

तार आली म्हणजे कोणी गेलंच, म्हणून आईनं आधी रडून घेतलं, मग पोस्टमास्तरले वाचायले लावली. त्यायनं दोनदा वाचली अन् विचारलं, "पहिले कुठं होतं?" आता सावनेरात मले सगळे तेच विचारून राहिले.

दुसऱ्या दिवशी मामानं पत्र आणून दिलं. बाबांनी रिपोर्ट वाचला अन् कितीतरी दिवसांनी आईले नावानं हाक मारली. आजी आईच्या हातचं जेवली, पण मीठ कमी आहे म्हणून बोललीच. मौद्याचा निरोप गेलाच नव्हता. बाबा नुसतं म्हणत होते.

पण खरं सांगू ताई? मले पटलं नाही. वाटलं, आईच्या पत्रानं तुले दया आली. तुले वाटलं असन की पोट्टी खचली, हिले कसंही करून बोर्डापुढं उभं करावं, म्हणून तू सगळं रचलं अन् स्वतःले गाढव करून घेतलं. रिपोर्टही कोण्या ओळखीच्या डॉक्टरकडून लिहून घेतला असन. तू माह्यासाठी तेवढं करशील, मले माहीत आहे. बाबांनी एस.टी.त बसवलं म्हणून मी गेली.

बोर्डात डॉक्टरीणबाई होत्या. त्यायनं छातीची नळी डावीकडे टेकवाले हात पुढं केला, तं मी तो हात धरला. म्हणलं, बाई, उजवीकडे लावा, माह्यं तिकडं आहे. खोटं बोलून मले नर्स व्हायचं नव्हतं. खोलीतल्या सगळ्या बाया पाहाले लागल्या. डॉक्टरीणबाईनं नळी उजवीकडे लावली. मग डावीकडे लावली. मग स्वतःच्या कानातून काढून माह्या कानात घातली अन् म्हणाल्या, तूच ऐक.

उजवीकडे दूरच्या घरी कोणी कांडून राहिलं असन, तसं. डावीकडे लावली तं एकदम दाराशी.

सगळ्या हसल्या. मीपण हसली. पास झाली, ताई. एक तारखेले हॉस्टेलात यायचं आहे. आता मनसोक्त साखर वाट, बेडकांलेही वाट.

बाहेर व्हरांड्यात येऊन मात्र मी लय रडली. बाबांले वाटलं, आनंदानं. ते काहून ते तुलेच सांगते, आईले सांगू नको.

तुह्यं पहिलं पत्र आलं त्या दिवशी मी उजवीकडे हात ठेवून पाहिला. लागलं, अरुताई. चांगलं ठोक्यानं ठोक्यानं लागलं. डावीकडे ठेवला तं तिथं काहीच नाही. रोज पाहत होती मी, महिनाभर, अन् रोज उजवीकडेच लागत होतं. पायरी चढली का त्याच बाजूले दुखत होतं, खरं खरं दुखत होतं. मी नाटक नाही केलं. तू सांगितलं होतं ना. आपल्या घरात तुह्याएवढं शिकलेलं कोण आहे? तू म्हणली अन् माह्यं दिल तिकडं गेलं.

तुह्यावर राग नाही. तू चुकली तं सगळ्यांसमोर चुकली म्हणून सांगितलं, तेवढं कोण करते. पण आता मी पांढरी साडी नेसून वॉर्डात उभी राहीन, अन् कोण्या म्हाताऱ्याले सांगीन की बाबा, तुमचं असं असं आहे. तो मानीन. मी शिकलेली ना. अन् त्याले तसंच दुखाले लागन. मले त्याचीच भीती वाटते.

रिपोर्ट माह्यापाशी आहे, नळीतून कानानं ऐकलं आहे, सगळं मले समजते. तरी सकाळी जाग आली का हात अजून उजवीकडेच जाते.

तुह्यी,
जया